वहिनींनी गोळ्या सोडल्या तो चातुर्मास

जुलै १९९८, कांदेनवमी. घरातला कांदा संपवायचा होता.

आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत आमच्या घरात कांदा-लसूण शिजत नाही. म्हणून आदल्या नवमीला जेवढा कांदा शिल्लक असेल तेवढा चिरायचा, तळायचा, थालीपिठात घालायचा आणि खाऊन मोकळं व्हायचं. आमच्याकडे तो कधीच थोडा नसे. थोरले दीर तीर्थोपाध्ये. गावोगावचे यजमान अस्थी घेऊन, श्राद्धाला किंवा नुसतेच दर्शनाला आले की पंचवटीतल्या आमच्या घरी उतरत, आमच्याच पंगतीला जेवत, आणि येताना शेतातलं काहीबाही घेऊन येत. विंचूरचे एक यजमान दरवर्षी कांद्याचं पोतं टाकून जात. माझा नवरा सातपूरला कारखान्यात, मी सरकारी ऑफिसात. मला सुट्टी असली की स्वयंपाकघरात मी असे, नसली की वहिनी एकट्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई.

त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली होती. आम्ही दोघी विळ्या घेऊन बसलो होतो आणि सासूबाई खुर्चीत बसून देखरेख करत होत्या. त्यांच्या हातात तपकिरीची डबी होती. ती कायमच असे.

"बारीक चिरा ग. भजी करायचीत, होळीच्या मोळ्या नाही बांधायच्या."

"आई, खरं तर तुम्हीच चिरा," मी म्हणाले. "तपकिरीने तुमचं नाक मेलंय. तुमच्या डोळ्यांना पाणीसुद्धा येणार नाही."

सासूबाईंनी एक चिमूट ओढून मला उत्तर दिलं. मग नेमाचा विषय काढला. कांदा-लसूण तर सगळ्यांनाच बंद, पण त्याशिवाय घरातल्या प्रत्येक बाईने स्वतःचं असं एक काहीतरी चार महिने सोडायचं, अशी आमच्याकडची रीत. एकादशीच्या सकाळी देवासमोर उभं राहून तळहातावरचं पाणी ताम्हनात सोडायचं आणि काय सोडलं ते मनात म्हणायचं. मोठ्याने सांगायची सक्ती नव्हती, पण पानात काय वाढून घेतलं नाही त्यावरून ते सगळ्यांना कळेच.

"तू यंदाही कारलंच सोडणार का?" सासूबाईंनी मला विचारलं.

"पडवळही सोडते, हवं तर."

"नावडतं सोडून कसला नेम? देव काय भंगारवाला आहे, नको असलेलं नेऊन टाकायला? ज्याच्यावाचून अडतं ते सोडायचं असतं."

वहिनींनी विळीवरून मान वर केली. "ज्याच्यावाचून अडतं ते?"

"मग काय तर."

त्या पुन्हा कांदा चिरायला लागल्या. मी भज्यांच्या पिठाला लागले. मागाहून हिशेब लावला तेव्हा कळलं, की वहिनींचं तिथे आणि तेव्हाच ठरलं होतं. त्यांनी एकादशीला गोळ्या सोडल्या. सकाळची कॅप्सूल, आणि सकाळी व झोपताना घ्यायची बारकी पांढरी गोळी. दोन्ही एकदम, कुणालाही न सांगता.

गोळ्या सुरू झाल्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. त्याआधीच्या पावसाळ्यात वहिनी हळूहळू बंद पडत गेल्या. बंद पडणं हाच शब्द मला सुचतो. आमटीत मीठ दोनदा पडे किंवा पडतच नसे. धुतलेलं लुगडं पिळून हातात घेऊन त्या गच्चीत उभ्या राहत आणि ते दोरीवर टाकायचं राहून जाई. पहाटे जाग येई ती भीतीनेच. छाती धडधडते, हात गार पडतात, काहीतरी वाईट होणार आहे असं वाटतं, म्हणत. काय होणार, ते सांगता येत नसे. लोक कारण विचारत. कारण काही नव्हतं. नवरा बरा, मुलं शाळेत बरी, घरात खायला भरपूर. कारण नाही म्हटल्यावर लोकांनी तो स्वभाव ठरवला आणि गप्प बसले.

एकदा आम्ही दोघी पुलावरून भाजी घेऊन येत होतो. वहिनी कठड्याशी थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे पाणी किती खोल असेल ग?" बाई ज्या सुरात मेथीचा भाव विचारते त्या सुरात. मी भाजी घरी ठेवली, त्यांना रिक्षात घातलं आणि नदीपलीकडच्या एका मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन गेले. घरी विचारत बसले नाही. विचारलं असतं तर चर्चा झाली असती.

डॉक्टर मध्यमवयाचे, कमी बोलणारे. त्यांनी दोन औषधं दिली आणि दोन्हींमधला फरक तेव्हाच सांगितला होता. कॅप्सूल उदासीवरची. तिचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. तोवर धीर धरायचा. सुरुवातीला मळमळेल, जीव कासावीस होईल, एखाद्याच्या मनात नको ते विचारही वाढतात, म्हणून पहिले काही आठवडे यांना एकटं सोडू नका, औषधं तुमच्या ताब्यात ठेवा, काही वेगळं दिसलं तर लगेच या. बारकी गोळी भीतीवरची आणि झोपेची. तिचा गुण तासाभरात दिसतो. "म्हणूनच ती जपून वापरायची," ते म्हणाले होते. "लोकांना तीच खरी वाटते. थोडे दिवस देतोय, मग कमी करू."

कमी करायचं राहिलं. महिनाभरात वहिनी आमटीत बरोबर मीठ घालायला लागल्या, दोन महिन्यांत पंगतीत हसायला लागल्या, आणि बऱ्या झालेल्या माणसाला डॉक्टरकडे कोण नेतं? कोपऱ्यावरचा औषधवाला जुनी चिठ्ठी बघून गोळ्या देत राहिला. पुढे चिठ्ठी बघायचंही त्याने सोडलं.

घरात मात्र त्या गोळ्यांवरून रोज काही ना काही निघे. "हिला एकवेळ जेवण नसलं तरी चालेल, गोळी हवी," असं भाऊजी म्हणत. भाऊजी म्हणजे थोरले दीर, वहिनींचे पती. वाईट मनाने म्हणत असं नाही. ताटावर बसलं की त्यांना काहीतरी बोलायला लागे. "औषध म्हणजे आजार बरा झाला की संपतं ते. हे काही औषध नव्हे, ही सवय."

"आमच्या वेळी नव्हत्या हो असल्या सवयी," सासूबाई म्हणत आणि डबी उघडत.

वहिनी पाणी वाढत पुढे जात.

एकादशी झाली. द्वादशीच्या दिवशी सासूबाईंनी वहिनींचं पान निरखून पाहिलं. भात होता, भाजी होती, ताक होतं, गूळही होता. "हिने सोडलं तरी काय?" त्यांनी मला हळूच विचारलं. मीही पाहिलं होतं. मलाही कळलं नव्हतं. आम्ही दोघी पानातच शोधत होतो.

त्रयोदशीला मला वहिनींचे हात दिसले. ताक ओतताना भांड्याची कड वाटीवर वाजत होती. डोळे लाल होते. "झोप लागली नाही," म्हणाल्या. "उपवासाने पित्त झालं असेल." अंगाला घाम सुटत होता आणि पातेल्यावर झाकण ठेवल्याच्या आवाजाने त्या दचकत होत्या. मुलांवर ओरडल्या, त्या कधी ओरडत नसत. भाऊजी म्हणाले, दृष्ट काढा. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी म्हटलं, वहिनी, डॉक्टरकडे जाऊन येऊ. त्या म्हणाल्या, गुरुपौर्णिमा होऊन जाऊ दे, घरात माणसं यायचीत.

गुरुपौर्णिमेला दुपारी खालच्या मजल्यावर पंगत बसली होती. विंचूरचे यजमान बायको-मुलांसकट जीप घेऊन आले होते. वहिनी वरच्या स्वयंपाकघरात पुरणपोळी लाटत होत्या, मी भाजत होते. लाटणं थांबलं म्हणून मी मागे पाहिलं. वहिनींची मान एका बाजूला वळली होती, डोळे वर गेले होते. मग त्या पोळपाटावरून आडव्या झाल्या आणि सगळं अंग झटके देऊ लागलं.

आमच्या ऑफिसात एका शिपायाला फिट येत असे, त्यामुळे काय करायचं आणि काय करायचं नाही ते मला माहीत होतं. गॅस बंद केला. तवा आणि तुपाचं पातेलं लांब सरकवलं. डोक्याखाली टॉवेल दिला. सासूबाई चमचा घेऊन धावल्या, "दातखीळ बसलीय, दातात घाल." मी चमचा हिसकावून घेतला. तेवढ्यात दारात गर्दी झाली आणि विंचूरचे यजमान हात पुसतच आत आले.

"फिट आलीय बाईला! कांदा फोडा, कांदा हुंगवा! लय गुणकारी असतो."

"घरात कांदा नाही," सासूबाई म्हणाल्या.

"कांदा नाय? तुमच्या घरात?"

"चातुर्मास लागलाय."

"आरं तिच्या मारी," ते म्हणाले, "माझ्या गाडीत आख्खं पोतं हाय की!" आणि ते धावत खाली गेले. दरवर्षी ते पोतं आणत आणि दरवर्षी चातुर्मास विसरत. ते फोडलेला कांदा घेऊन वर येईपर्यंत झटके थांबले होते, आणि मी वहिनींना कुशीवर वळवून तोंडातला फेस पुसत होते. कांदा नाकाशी धरू नका म्हटल्यावर ते हिरमुसले. मग त्यांनीच जीप काढली. वहिनींना मागच्या सीटवर आडवं केलं, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं, आणि आम्ही जवळच्या नर्सिंग होमला पोचलो. जीपमध्ये सगळीकडे कांद्याचा वास होता.

तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, रक्त तपासायला पाठवलं, रात्रभर ठेवून घेतलं. "काही औषधं चालू आहेत का?" त्यांनी विचारलं. मी दोन्ही नावं सांगितली. "चालू आहेत ना? घेतात ना?" "घेतात," मी सांगितलं. मला तेच ठाऊक होतं. तपासण्यांमध्ये काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सांगितलं, पुढचं यांच्या मूळच्या डॉक्टरांना दाखवा. तसं रिक्षा करून आम्ही दोघी पुन्हा नदीपलीकडे गेलो.

डॉक्टरांनी कागद वाचले, फिट कुठे आणि कशी आली ते माझ्याकडून ऐकलं, वहिनींची बोटं पसरायला सांगून कंप पाहिला, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी कधीपासून बंद आहे?"

"बंद नाहीत, चालू आहेत," मी म्हणाले.

ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"एकादशीपासून," वहिनी म्हणाल्या.

"संपल्या होत्या का?"

"नाही. सोडल्यात."

"कुणी सांगितलं सोडायला?"

"कुणी नाही. मीच देवाला सांगितलंय."

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. याआधी त्यांच्याकडे असं कुणी आलं असेल-नसेल, नाशिकात आलंही असेल. त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली आणि सावकाश सांगितलं. रोज दोन-दोन वर्षं ही बारकी गोळी घेतली की मेंदू तिच्या भरवशावर चालायला लागतो. ती एकदम काढली की मेंदू सैरभैर होतो. झोप उडते, घाम, कंप, दचकणं, आणि काहींना फिट. ती जिवावरही बेतू शकते. तवा जवळ होता ना? तोंडावर पडला असता तर?

"म्हणजे सवयच ना ती?" वहिनींनी विचारलं.

"हिची सवय लागते, हो. ते मी नाकारत नाही. इतके दिवस चालू राहायलाच नको होती, तुम्ही परत आला नाहीत. पण सवय लागली म्हणून एकदम तोडायची नसते. आधी जेवढी घेत होतात तेवढी परत सुरू करू, अंग स्थिर होऊ दे, मग थोडी थोडी उतरवू. पाव-पाव करत. महिने लागतील. कॅप्सूलचं तसं नाही. तिची तशी ओढ लागत नाही, पण तीही मनाने बंद करायची नसते. चक्कर येते, आणि मुख्य म्हणजे आजार परत येतो. दोन वर्षांपूर्वी तुम्ही इथे काय सांगितलं होतं, आठवतं का?"

वहिनींनी मान हलवली. पुलावरचं बोलणं त्यांना आठवत होतं.

"घरात आणखी कुणी या गोळ्या घेतं?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

"घरात नाही," वहिनी म्हणाल्या. "यजमानांकडच्या बायकांना देते कधी. अस्थी घेऊन आलेल्या असतात, रडून रडून झोपत नाहीत. अर्धी गोळी दुधातून दिली की शांत होतात."

हे मलाही नवीन होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"त्यांतली कुणी म्हातारी असेल, पहाटे उठताना पडेल, मांडीचं हाड मोडेल. कुणाला दमा असेल. एखादा पुरुष मागून घेईल आणि वर दारू पिईल. दोन्हींनी मिळून श्वास मंदावतो, माणूस झोपेतच जातो. तुम्ही त्यांना ओळखता का? त्या दुसरी काय औषधं घेतात ते माहीत आहे का?"

"नाही."

"रडणाऱ्या माणसाला रडू द्या. दूध द्या, नुसतं."

वहिनींना हे लागलं. त्यांनी पदर नीट केला, एवढंच. मग म्हणाल्या, "पण आता मी घेऊ शकत नाही. पाणी सोडलंय."

"कालचं इंजेक्शन तर बेशुद्धीत दिलं," मी म्हणाले, "त्याने नेम मोडला नाही वाटतं?"

"बेशुद्धीतलं देव धरत नाही."

डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं; पाणी गोळ्यांवर सोडलंय, सुईवर नाही, म्हणत वहिनींनी ते घेतलं. डॉक्टर मला म्हणाले, "हे उद्या सकाळपर्यंत पुरेल. उद्या सकाळी गोळी पोटात गेली पाहिजे. नाही गेली तर पुन्हा फिट येईल, आणि त्या वेळी तुम्ही शेजारी असालच असं नाही. देवाचं मला काही करता येणार नाही, ते तुमच्या घरात बघा. तुमच्या घरात तरी त्याची माणसं आहेत."

परतताना रिक्षा पुलावर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "सोडता आल्या असत्या तर मी बरी झाले असं झालं असतं ना?"

"बऱ्या झालाच होतात तुम्ही."

"गोळीवर."

मी चष्मा लावते, तो काढला तर मला बसची पाटी दिसत नाही, असं काहीतरी म्हटलं. त्या म्हणाल्या, चष्म्यावरून ताटावर कुणी बोलत नाही.

संध्याकाळी दिवे लागल्यावर मी भाऊजींना आणि सासूबाईंना माजघरात बसवलं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी सांगितलं, तवा आणि पूल यांच्यासकट. पुलाचं घरात पहिल्यांदाच कळत होतं. भाऊजींचा चेहरा उतरला.

"अग, मग प्रश्न काय आहे?" ते वहिनींना म्हणाले. "औषधाने व्रत मोडत नाही. उपवासात पाणी चालतं, दूध चालतं, औषध चालतं. रोज लोकांना सांगतो मी हे."

"तुम्ही म्हणाला होतात हे औषध नव्हे. सवय आहे म्हणून."

"ते आपलं ताटावरचं बोलणं."

"मी तेच धरून पाणी सोडलं. आता शास्त्र बदलायचं का? परवा सवय आणि आज औषध?"

भाऊजी पंगतीतल्या पन्नास माणसांना गप्प करणारे गृहस्थ. ते म्हणाले, "चुकलं माझं बोलणं." बायकोला असं म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. पण त्याने वहिनींचं समाधान झालं नाही. "बोललेलं परत घेता येतं," त्या म्हणाल्या, "सोडलेलं पाणी कसं परत घ्यायचं? देव म्हणेल, आठवडासुद्धा निघाला नाही हिचा."

मला सकाळ दिसत होती. ऑफिस दिसत होतं. वहिनी एकट्या गॅसपाशी उभ्या दिसत होत्या. माझी सहनशक्ती संपली आणि मी सासूबाईंकडे वळले.

"आई, ज्याच्यावाचून अडतं ते सोडायचं, हे तुम्ही सांगितलंत. तुम्ही काय सोडलंत यंदा?"

"मी वांगं सोडलंय."

"वांग्यावाचून अडतं तुमचं?"

सासूबाईंचा हात डबीवर होता.

"या घरात सवय म्हणतात ती एकाच बाईच्या गोळीला," मी म्हणाले. "त्या डबीला मी लग्न होऊन आल्यापासून कुणी सवय म्हटलेलं ऐकलं नाही."

"धाकटे, तोंड सांभाळ," भाऊजी म्हणाले.

"असू दे रे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डबी मांडीवर ठेवली, तिच्याकडे पाहिलं. पितळी डबी, झाकण घासून घासून गुळगुळीत झालेलं. मग भाऊजींना विचारलं, "एकीचा नेम दुसरीने घेतला तर चालतो का?"

हा भाऊजींचा धंदाच. आपल्या मुलखात आल्यासारखे ते सावरून बसले. "चालतो. आईबापांचे राहिलेले नवस मुलं येऊन फेडतातच की. गाय देणं झेपत नाही त्याच्याकडून आपण नारळ घेतो. ज्याला होत नाही त्याचं दुसऱ्याने उचललं तर देवाला पोचतं. मात्र खरोखर उचललं पाहिजे."

"मग उद्या सकाळी हिचा नेम मी घेते. कार्तिकीपर्यंत ही डबी बंद. ही गोळी घेईल."

वहिनी पहिल्यांदाच भिंतीपासून पुढे झाल्या. "आई, तुम्हाला झेपायचं नाही."

"तुला झेपलं का?" सासूबाई म्हणाल्या. "फेस आला तोंडाला."

"तुम्ही मधेच ओढलीत तर?"

"ओढली तर तू गोळी थुंक."

वहिनी हसल्या. आदल्या आठवड्यात त्या हसल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. पण हो म्हणाल्या नाहीत. "सकाळी बघू," म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. इंजेक्शनाचा अंमल होता, लगेच झोपल्या.

पुढचं आधीच सांगून टाकते. बारकी गोळी पूर्ण सुटायला पुढची होळी उजाडली. डॉक्टर पाव-पाव उतरवत होते. मध्ये एकदा त्रास झाला तेव्हा पुन्हा एक पायरी वर नेली आणि तिथे महिनाभर थांबवलं. कॅप्सूल वहिनींनी आणखी काही वर्षं घेतली, डॉक्टरांना दाखवत दाखवत. मग त्यांच्याच सांगण्यावरून थांबवली. दोन हजार चारच्या सुमारास उदासीने पुन्हा डोकं वर काढलं, तेव्हा वहिनी स्वतःच रिक्षा करून गेल्या आणि परत आल्यावर आम्हाला सांगितलं. औषधवाल्याकडची जुनी चिठ्ठी मी त्या गुरुपौर्णिमेच्या आठवड्यातच फाडली होती आणि चिठ्ठीशिवाय गोळी दिलीत तर दुकानात येऊन बसेन असं त्याला सांगितलं होतं. यजमानांच्या बायकांना त्यानंतर आमच्या घरी दूध मिळालं, साधं. सासूबाई कार्तिकीपर्यंत निभावल्या. त्या चार महिन्यांत त्यांनी घरातल्या प्रत्येकाला एकदा तरी रडवलं. कार्तिकीनंतर पारणं फेडलं ते तपकिरीनेच.

पण त्या संध्याकाळी यातलं काही ठाऊक नव्हतं. गोळी पोटात जाईल की नाही एवढंच कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर उठले. चहा ठेवला. देवघरात सासूबाई आधीच आंघोळ करून उभ्या होत्या. नाक लाल झालं होतं, डोळे पाणावले होते, आणि तपकिरीची वेळ टळल्यामुळे त्या जांभया देत होत्या. भाऊजींनी पळीतलं पाणी त्यांच्या तळहातावर घातलं, त्यांनी ते ताम्हनात सोडलं. या वेळी मनात नाही, मोठ्याने म्हणाल्या, "तपकीर सोडली. थोरलीच्या नेमाबदली."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. मी एका हातात कॅप्सूल आणि गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं धरलं. त्यांनी गोळ्या तळहातावर घेतल्या. इंजेक्शनाचा अंमल उतरत होता. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या कमरेकडे, जिथे डबी खोचलेली असे.

"बघतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "माझं डोकं आत्ताच ठणकायला लागलंय. गीळ लवकर, फुकट नको जायला."

वहिनींनी गिळल्या. मी त्यांना तोंड उघडायला सांगितलं. त्या म्हणाल्या, मी काय लहान आहे? पण उघडलं. जिभेखाली काही नव्हतं.

मग सासूबाईंनी कमरेची डबी काढून माझ्यापुढे धरली. "घरात ठेवू नकोस. मला ठाऊक आहे मी कशी आहे ते."

शेजारच्या काकूंना दुपारपर्यंत वहिनींजवळ बसायला सांगितलं, पोळ्या त्यांच्याकडून होणार नाहीत म्हणून मीच लाटून ठेवल्या, डबा भरला आणि निघाले. बस पुलावरून गेली. ऑफिसात पोचल्यावर सासूबाईंची डबी टेबलाच्या खणात टाकली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये ठेवली आणि आदल्या दोन दिवसांचं तुंबलेलं टपाल पुढे ओढलं.